आधी 'पक्की', मग नोंद

माराकाइबो शहरात शहाणा माणूस लिफ्टने जात नाही. वीज कधी दगा देईल याचा नेम नसतो. पण योलेइदाबाईंचे गुडघे दुखत होते, आणि नेरिओला डायलिसिस केंद्राच्या संचालकांनी तातडीने वर बोलावलं होतं, म्हणून दोघं लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट निघाली तेवढ्यात आठवड्याच्या डायलिसिसच्या पाळ्यांची नोंदणी मोबाइलवर खुली झाली. बाईंनी आजारी भावाचं नाव भरलं, हिरवी खूण उमटली. "पाळी पक्की!" असं त्या म्हणेपर्यंत अंधार झाला आणि लिफ्ट मध्येच अडकली.

केंद्राचे संगणक नेरिओच सांभाळायचा. लोक खोळंबतात म्हणून संचालक खेकसले, तेव्हा यानेच यंत्राला नवी सवय लावली होती: आधी माणसाला 'पक्की' सांगायचं, डिस्कवर नोंद मागाहून करायची. मधे पापणी लवेल एवढीच फट. 'तेवढ्यात कोण मरतंय?' असं हा शहाणा हसत म्हणाला होता. वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारी तळघरातली बॅटरी तर कधीचीच मेलेली, म्हणजे त्या फटीत वीज गेली की नोंद गडप.

"मांदोका घे, पोरा," बाईंनी डबा उघडला. "पाळी चुकली असती तर भाऊ हातचा गेला असता माझा."

नेरिओने तो तळलेला गोड पदार्थ हातात घेतला.

"मावशी, ती नोंद कदाचित झाली नसेल. वीज आली की पुन्हा भरा."

"झाली नसेल? मग खूण काय तुझ्या आजोबांनी काढली?"

"यंत्र आधी सांगतं अन् मग लिहितं."

"असली खोड त्याला लावली कुणी?"

नेरिओ मांदोका चावत राहिला. भित्रा होता, दुसरं काय!

वीज आली. लिफ्ट हलेना, पण मोबाइलला रेंज आली. पडद्यावर हिरवी खूण तशीच होती.

"बघ, आहे की!"

"ती मघाची आहे! पान नव्याने उघडा, लवकर. सगळे पाळ्यांवर तुटून पडले असतील."

"आणि आहे तीही गेली तर? नाही बाबा." बाईंनी मोबाइल छातीशी धरला.

त्याने गयावया केली. शेवटी मोबाइल हिसकावून पान नव्याने उघडलं. खूण गेली. भावाचं नाव कुठेच नव्हतं. सगळ्या पाळ्या भरल्या होत्या.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी लिफ्टचं दार ओढून उघडलं. समोर संचालक उभे होते.

"यानं घालवली!" बाई किंचाळल्या. "माझ्या भावाची पाळी होती, यानं हात लावला अन् गेली!"

"नेरिओ, तू हात लावलास?"

"हो," तो म्हणाला. "मीच लावला."