खोल बाजूला अजून पाणी साचते

मी एक जुना पोहण्याचा तलाव आहे. मित्रांनो, मला पाहायला आलात तर मी दिसणार नाही. टॅलो क्रीक गावाच्या बागेत मधोमध एक लांबट हिरवळ आहे. तिच्या कडेला 'गवतावर चालू नये' अशी पाटी आहे. त्या पाटीच्या मागे, गवताखाली मी आहे. माझ्या पोटात पाण्याच्या जागी लाल माती आहे. इतकी माती पोटात घेऊनही मला बोलता येते, याचे श्रेय माझ्या बांधणीला. काम पक्के झाले होते.

मंदीच्या दिवसांत माझा जन्म झाला. कापसाला गिऱ्हाईक नव्हते, गिरणीला टाळे होते आणि धडधाकट पुरुष दुपारी घराच्या पायऱ्यांवर बसून माश्या हाकलत होते. मग सरकारने लोकांच्या हाताला काम म्हणून कुठे पूल, कुठे शाळा बांधायला काढल्या. टॅलो क्रीकच्या वाट्याला मी आलो. मला खणायला काळी माणसे होती आणि ती खणताना पाहायला गोरी. मजुरी दोघांनाही मिळे. पाहणाऱ्यांना जरा जास्त मिळे, कारण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उन्हात नुसते उभे राहणे सोपे नसते.

खणणाऱ्यांत होझिया टारव्हर नावाचा एक उंच, अबोल तरुण होता. गावाखालच्या नदीच्या वळणावर त्याचा धाकटा भाऊ बुडाला होता. काळ्या मुलांना डुंबायला तेवढी एकच जागा होती आणि तिथे तळ दिसत नसे. माझी खोल बाजू खणताना होझिया एकदा थांबला, वर पाहून म्हणाला, "इथे कुणी बुडणार नाही. तळ स्वच्छ दिसेल."

शेजारचा गडी फावड्याला रेलून हसला. "काळजीच करू नकोस, गड्या. आपल्याला इथे बुडायची परवानगीच नाही."

उद्घाटनाला बँड होता. नगराध्यक्ष ओग्लट्री यांनी फीत कापली आणि ते म्हणाले, "हा तलाव टॅलो क्रीकच्या प्रत्येक नागरिकाचा आहे!" टाळ्या पडल्या. काही टाळ्या कुंपणाबाहेरून, खणणाऱ्यांच्या घोळक्यातूनही आल्या. साहेब जरा दचकले. मग त्यांनी बँड पुन्हा सुरू करायला सांगितला.

होझियाला माझ्या सफाईच्या कामावर ठेवून घेतले. दर सोमवारी माझे पाणी सोडून देत, मग तो ब्रश आणि बादली घेऊन आत उतरे. पाणी असले की तो बाहेर आणि पाणी नसले की आत, अशी आमची ओळख. माझ्या कोपऱ्याकोपऱ्यावर त्याचा हात फिरलेला होता, पण माझ्या पाण्यात ओले झालेले त्याचे पाय मी कधी पाहिले नाहीत.

तिकिटाच्या खिडकीत मिस क्लायडा व्हिकरी बसत. लग्न झालेले असले तरी तिकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना 'मिस'च म्हणत. त्यांचे माझ्यावर मनापासून प्रेम होते. पाय धुतल्याशिवाय त्या कुणाला आत सोडत नसत. एकदा डॉक्टरांचा कुत्रा ड्यूक कुंपणाखालून घुसला आणि त्याने थेट सूर मारला. मुले खिदळली, मिस क्लायडांच्या डोळ्यांत हसून पाणी आले, आणि ड्यूकने मनसोक्त दोन फेऱ्या मारल्या. त्या दिवशी पाणी बदलावे असे कुणालाच सुचले नाही. मलाही नाही.

त्याच उन्हाळ्यात होझियाची मुलगी व्हर्डेल बापाचा जेवणाचा डबा घेऊन आली. दुधाचे दात पडण्याचे तिचे वय. बाप पंपाच्या खोलीत होता. ती माझ्या काठाशी आली, एका हाताने डबा सांभाळत तिने एक पाऊल पाण्यात घातले आणि बोटे हलवून पाहिली.

शिट्टी वाजली. सगळी मुले, सगळ्या आया, टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या, सगळे धडपडत बाहेर आले. होझिया धावत आला. व्हर्डेल रिकाम्या पाण्याकडे टक लावून बघत होती.

"डॅडी, साप आलाय का पाण्यात?"

"नाही, बाळ. डबा ठेव आणि घरी जा."

माझे पाणी सोडून दिले. मग मला घासायला होझियालाच खाली उतरवले. मिस क्लायडा काठावर छत्री घेऊन उभ्या राहिल्या.

"होझिया, मनाला लावून घेऊ नकोस हं. नियम आहे म्हणून. मला तर तुझी पोर आवडते."

"हो, मॅडम."

"खोल बाजूलाही घास नीट. पाय तिने इथे घातला होता, पण पाणी काय, सगळीकडे फिरतं."

"पाण्याला ती खोडच आहे, मॅडम."

त्याने मला सबंध घासले, आपल्या मुलीचे पाऊल निघेपर्यंत. मित्रांनो, मी काँक्रीटचा आहे. तरीही त्या दिवसापासून ब्रशचा आवाज मला सहन होत नाही.

पुढच्या सोमवारी होझिया येताना व्हर्डेलला घेऊन आला. कपडे बदलायच्या खोलीतले एक बुटके बाक त्याने माझ्या कोरड्या तळावर मांडले आणि मुलीला त्यावर पालथे झोपवले. इतकी वर्षे कुंपणाबाहेरून त्याने गोऱ्या मुलांना पोहायला शिकवणारा शिक्षक पाहिला होता. तो कसा हात फिरवायला सांगतो, पाय कसे मारायला लावतो, हे सगळे त्याला पाठ होते. स्वतःला मात्र पोहता येत नव्हते.

"हात लांब. पुढचं पाणी ओढून घे. पाय गुडघ्यातून नको, मांडीपासून मार."

"पण पाणी कुठाय, डॅडी?"

"पाणी काय, येईल. आपण तयार असलं पाहिजे."

हे दर सोमवारी चालू लागले. एकदा मिस क्लायडा विसरलेली छत्री न्यायला आल्या आणि काठावर थबकल्या.

"काय रे, ही पोर काय करतेय?"

"सफाई, मॅडम."

"पोटावर पडून?"

"कोपऱ्यात हात पोचत नाही, मॅडम. लहान अंग बरं पडतं."

"गुणी आहे हो," मिस क्लायडा म्हणाल्या आणि निघून गेल्या.

युद्ध आले आणि गेले. परतलेल्या गोऱ्या सैनिकांना वर्षभर फुकट पोहायला मिळाले. परतलेल्या काळ्या सैनिकांना कुंपणाबाहेरून पाहायला कुणी हरकत घेतली नाही. मग शहरांतून काळी माणसे कोर्टात जाऊ लागली, रस्त्यावर बसू लागली, तुरुंग भरू लागली. टॅलो क्रीकला हे सगळे दूरचे वाटत होते. अखेर कोर्टाचा निकाल आमच्याच दारात आला: गावाचा तलाव यंदाच्या उन्हाळ्यापासून सर्वांना खुला.

व्हर्डेल तेव्हा शिक्षिका व्हायला शिकत होती. तिने निळा पोहण्याचा पोशाख आणला. सफाईच्या दिवशी माझ्या तळावर उभी राहून ती बापाला म्हणाली, "पहिल्या दिवशी पहिली उडी माझी. खोल बाजूला. तुम्ही काठावर उभे राहा आणि चुकलं तर ओरडा."

"ओरडेन की. तेवढ्यासाठीच तर शिकवलं." होझिया हसला. मी त्याला फार थोड्या वेळा हसताना पाहिले आहे.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी नगरसभेने गोऱ्या गावकऱ्यांना बोलावून बैठक भरवली. सभागृहात उकडत होते म्हणून खुर्च्या माझ्याच काठावर मांडल्या. ओग्लट्री साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय माझ्या पाण्यात सोडले. मग एकेक करून सगळ्यांनीच सोडले.

"कोर्ट काय म्हणतं?" साहेब म्हणाले. "तलाव असेल, तर तो सगळ्यांचा. बरं. पण तलाव असलाच पाहिजे, असं कुठे म्हटलंय?"

माझ्या पाण्यात फक्त पाय हलत होते.

"म्हणजे बुजवायचा?" एकाने विचारले.

"हिरवळ करू. हिरवळीवर कुणाला पोहता येत नाही."

"पण साहेब, आमची मुलं?" मिस क्लायडा म्हणाल्या. आता त्यांच्या मुलीचा मुलगा रॉइस पोहायच्या वयाचा झाला होता.

"क्लायडा, तुझा रॉइस त्यांच्यासोबत एकाच पाण्यात उतरलेला चालेल तुला?"

हात वर करायची वेळ आली. मिस क्लायडांचा हातही वर गेला. डोळे ओले होते, पण हात सरळ होता. पाय मात्र शेवटपर्यंत कुणी बाहेर काढले नाहीत. गारवा छान होता.

मला बुजवायचे काम कुणाला दिले असेल? मित्रांनो, तुम्ही हुशार आहात.

होझियाने बूच काढून पाणी सोडले. बागेच्या फाटकाशी पोलीस बसला होता; पाणी संपेपर्यंत त्याने कुणाला आत सोडले नाही. व्हर्डेल बगलेत टॉवेल घेऊन शिडीने खाली आली.

"तुम्हीच बुजवणार? दुसरं कुणी मिळालं नाही त्यांना?"

"मिळाले असते."

"मग नाही म्हणायचं! आयुष्यात एकदा तरी! हो मॅडम, हो साहेब, बस झालं, डॅडी! उद्या मला पुरायला सांगितलं तरी फावडं घ्याल तुम्ही."

होझियाने फावडे भिंतीला टेकवले. "दुसरा कुणी आला तर तो नीट बुजवणार नाही."

"नीट?" ती कडवट हसली. "नीट बुजवा मग." तिने टॉवेल माझ्या तळावर टाकला आणि गेली. त्याच आठवड्यात ती दूर उत्तरेला जाणाऱ्या डेट्रॉइटच्या बसमध्ये बसली.

हुकूम असा होता: आधी सगळा तळ फोडायचा, म्हणजे पावसाचे पाणी जिरेल, मग माती टाकायची. देखरेखीला आलेला माणूस उथळ बाजूच्या झाडाखाली बसला. उथळ बाजूचा तळ होझियाने प्रामाणिकपणे फोडला. खोल बाजूला गेल्यावर त्याने आधी निचऱ्याच्या भोकात बूच ठोकून घट्ट बसवले. व्हर्डेलचा टॉवेल घडी करून बाजूला ठेवला. मग एक फुटका काँक्रीटचा तुकडा पुढ्यात घेऊन दिवसभर त्याच्यावर हातोडा मारत राहिला. सावलीत बसणाऱ्याला आवाज पुरतो. माझ्या खोल बाजूला साधा ओरखडाही आला नाही. संध्याकाळी लाल मातीचे ट्रक आले.

पुढे टेकडीवर एक खाजगी क्लब झाला. तिथे निळेशार पाणी होते आणि वर्गणी अशी होती की ओग्लट्री साहेब, डॉक्टर आणि ड्यूकची नातवंडे यांनाच परवडावी. तलाव गेल्यावर तिकिटाची खिडकीही गेली, म्हणजे मिस क्लायडांची नोकरी गेली. तापलेल्या दुपारी रॉइस नदीकडे जाऊ लागला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो त्याच वळणावर बुडाला.

त्यानंतर मिस क्लायडा माझ्या कडेच्या बाकावर येऊन बसत. गवत कापायचे काम आता होझियाकडे होते. एकदा त्यांनी त्याला हाक मारली.

"होझिया, तुझा भाऊपण तिथेच ना रे?"

"त्याच वळणावर, मॅडम."

बराच वेळ त्या गवताकडे पाहत राहिल्या. तलाव असता तर, असे काहीतरी ओठांशी आले असावे. मग म्हणाल्या, "त्या कोर्टाने घात केला आपला."

होझियाने टोपी काढली, पुन्हा घातली आणि मशीन सुरू केले.

मोठा पाऊस झाला की माझ्या हिरवळीचा एक भाग दलदल होतो. गवत कापायचे यंत्र तिथे रुतते. नगरपालिकेने वाळू टाकून पाहिली, चर खणून पाहिले, राजधानीतून तज्ज्ञ आणून त्याला दाखवले. त्याने भूगर्भातल्या झऱ्याचा संशय व्यक्त केला.

पुष्कळ वर्षांनी व्हर्डेल आली. केस पांढरे होऊ लागले होते. आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला होता. होझिया काठी टेकत तिला माझ्या कडेला घेऊन आला आणि त्याने काठीने दाखवले. हिरवळीच्या एका टोकाला पाणी साचले होते. त्याची कड अगदी सरळ होती.

ती पाहत राहिली. "ही तर खोल बाजू."

"म्हटलं होतं ना, दुसऱ्याने नीट बुजवलं नसतं."

तिने बूट काढले, मग वाकून बापाचेही काढले. हात धरून दोघे आत उतरले. पाणी घोट्यापर्यंत होते. होझिया टारव्हर माझ्या पाण्यात पहिल्यांदा उभा राहिला.

"डेट्रॉइटला पहिल्याच दिवशी तलावात उडी मारली मी," व्हर्डेल म्हणाली. "आणि बुडाले. बाहेर ओढून काढावं लागलं."

"हात चुकला?"

"हात बरोबर होते, पायही. श्वास कधी घ्यायचा, तेच माहीत नव्हतं."

म्हाताऱ्याने काठीने पाणी जरा ढवळले. मग हळूच म्हणाला, "कोरड्यात श्वासाचं काही सुचलंच नाही, बाळ. हवा भरपूर होती."

ती हसू लागली, आणि हसता हसता तिने त्याच्या दंडावर डोके टेकवले.

"ओ! पाटी दिसत नाही का?" बागेचा नवा रखवालदार ओरडला. "गवतावर चालायचं नाही!"

"चालत नाही, साहेब," होझिया म्हणाला. "पोहतोय."

तेवढ्यावरून त्यांना बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी वाळूचा आणखी एक ट्रक आला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी 'आमची निगा राखा' असे विनवतात. मी विनवणार नाही. माझी निगा फार राखली गेली. मी स्वच्छ राहावे म्हणून एका लहान मुलीचे पाऊल तिच्या बापाकडून घासून काढले, आणि मी कायम स्वच्छ राहावे म्हणून मला मातीने भरले. तुमच्या गावात पाणी असेल, तर कृपा करून त्याला थोडे मळू द्या.