टाकीतले दगड

"माशांसाठी तुम्ही मला चार-चारदा फोन केलात. कोण कुणाला चावतं, कुणाला उजेड सोसत नाही, कोण घोळक्याशिवाय झुरतो, सगळं खोदून खोदून विचारलंत. आणि माझ्या बापाच्या वेळी काय बघितलंत? रिकामा पलंग. मॅडम, दोष तुमचा आहे. तो आधी कबूल करा."

हे सगळं मासेवाल्याने स्कूटरवर येता येता घोटून ठेवलं होतं, आणि वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंच्या टेबलासमोर उभं राहून एका दमात ओकून टाकलं. हातात बादली, बादलीत जाळी आणि रबरी नळी. सकाळी बाईंचा फोन आला होता, की बैठकीच्या दालनातल्या टाकीत तो मोठा गुरामी मासा बारक्या गप्पींना जगू देत नाही, येऊन बघा. आणि जाता जाता त्या म्हणाल्या होत्या, "तुमचे वडीलही हल्ली दिवसभर टाकीपाशीच बसलेले असतात. खोलीत फक्त झोपायला जातात."

बाईंनी चष्मा काढला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "यांना कशाची सवय आहे, कुणाबरोबर ठेवू, असं स्पष्ट विचारलं होतं. तुम्ही स्कूटर बंदसुद्धा केली नव्हती. म्हणालात, 'कुठेही टाका, अप्पा जमवून घेतात.' टाका म्हणालात. मला शब्द लक्षात राहतात."

मासेवाल्याने बादली या हातातून त्या हातात घेतली.

"त्या फुटबॉलच्या जुन्या पंचांच्या खोलीत कुणी टिकत नाही, म्हणून तिथला दुसरा पलंग रिकामा असतो, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तेवढा दोष माझा," बाई म्हणाल्या. "तेवढाच."

आता या माणसाचं कौतुक ऐका. दुकानात गिऱ्हाईक यायचं, रंग बघून बोट दाखवायचं, हा द्या, तो द्या, तो पिवळाही एक द्या. हा द्यायचा नाही. "एंजल आज नाण्याएवढा दिसतोय. उद्या तळहाताएवढा होईल आणि हे टेट्रा नाश्त्याला घेईल. टेट्रा एकटा नेऊ नका, घोळका न्या, एकटा पडला की तो खायचंच सोडतो. टायगर बार्ब हवेत? मग लांब शेपटीचं काही घेऊ नका, कुरतडून ठेवतील." शेजारचा सायकलवाला म्हणायचा, "अरे, मासे विकतोस की स्थळं जुळवतोस?" त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "यांचं जमायचं नाही. वेगळी टाकी घ्या." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि दुसरी टाकी घ्यायचं.

घरात भांडण खिडकीचं होतं. अप्पा जन्मभर शिंपी. हात थरथरायला लागले तरी हॉलच्या खिडकीतलं मशीन त्यांनी सोडलं नव्हतं, कारण डोळ्यांना उजेड लागायचा. सून घरूनच दोन दुकानांचे हिशेब लिहायची, तिलाही तीच खिडकी हवी. सकाळी मशीन खिडकीत असायचं, दुपारी टेबल. तिच्या कागदांत दोऱ्याचे तुकडे निघायचे, त्यांची कात्री तिच्या फायलींखाली सापडायची. "अप्पा, निदान दुपारपर्यंत तरी." "अगं, दुपारनंतर मला दिसत नाही." दोघंही बोलताना बघायची मासेवाल्याकडे. आणि हा पठ्ठ्या बेडरूममध्ये जाऊन माशांच्या पिल्लांना खायला घालायचा. एका संध्याकाळी बाहेर आला आणि दुकानातल्या आवाजात बोलला, "तुमचं दोघांचं जमायचं नाही."

बायको त्या रात्री म्हणाली होती, "मी खिडकी मागितली होती. त्यांना घालवा असं म्हटलं नव्हतं." ते त्याने ऐकलं नाही. ऐकलं होतं, पण ऐकलं नाही असंच तो पुढे धरून चालला.

दालनात अप्पा टाकीसमोरच्या बाकावर होते. मांडीवर शर्ट, तोंडात दोरा. टाकीच्या दिव्याच्या उजेडात बटण लावत होते.

"खोलीत खिडकी आहे ना, अप्पा?"

"आहे की. पंचांची आहे. खुर्ची पंचांची, पंख्याचं बटण पंचांचं. मध्ये चपलेने रेघ मारून दिलीय मला. ओलांडली की शिट्टी वाजवतात." अप्पांनी दोरा तोडला. "जन्मभर मैदानात पंच होते. वाईट नाहीत. सवय जात नाही."

"मला सांगितलं का नाही?"

"तू तर बाईंना म्हणाला होतास, अप्पा जमवून घेतात."

बाह्या वर करून मासेवाल्याने टाकीत हात घातला. गुरामीने झुडपामागचा कोपरा धरून ठेवला होता. एक गप्पी तिकडे वळली तसा तो तीरासारखा सुटला. बाकीच्या गप्प्या फिल्टरच्या मागे दाटीवाटीने, तळाशी राहणारे कोरी मासे तेवढे बिनधास्त वाळू हुंगत होते. मासेवाल्याने गुरामीला जाळीत घेऊन बादलीत सोडलं. मग मोठा दगड डावीकडून उजवीकडे नेला, लाकूड आडवं केलं, झुडुपं उपटून मधोमध लावली. पाणी गढूळ झालं.

"त्याला बाहेर काढलंस, मग घर कशाला मोडतोस?" अप्पांनी विचारलं.

"नुसता काढून परत सोडला तर तो त्याच कोपऱ्यात जाईल. ओळखीचा दगड दिसला की त्याला वाटतं, हे माझं. दगड हलवले की त्याला काही ओळखू येत नाही. तोही नवा, बाकीचेही नवे. भांडायला जुनं काही उरत नाही."

"आणि जमतं मग?"

"बऱ्याचदा जमतं. कुणालाही काढून टाकण्याआधी हे करून बघायचं असतं."

हे बोलून गेला आणि त्याचा हात पाण्यातच थांबला. गुरामी बादलीत गोल फिरत होता. मासेवाल्याने हात पाण्यातून काढले, नीट पुसून खिशात घातले, परत काढले.

"चला अप्पा. खोली दाखवा."

पंच दारात आडवे आले. गळ्यात खरोखरच शिट्टी होती, दोरी तुटून गाठ मारलेली. "हे काय चाललंय? खेळ चालू असताना गोलपोस्ट हलवायचं नसतं."

"मध्यंतर समजा, काका. जरा टाकीपाशी बसा. बाईंना गुरामी परत सोडायला सांगा, पण कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. गप्पींच्या अंगावर गेला तर मला सांगा."

लक्ष ठेवायचं काम म्हटल्यावर पंच गेले. मासेवाल्याने दोन्ही पलंग भिंतीपासून ओढले, फिरवले, दोघांच्या उशा खिडकीकडे केल्या. खुर्ची मध्ये. कपाट दाराजवळ. रेघ होती तिथे टेबल ठेवलं. घामाने निथळला, पण थांबला नाही. आपल्या हातून एक तरी नीट गोष्ट होतेय, असं त्याला वाटत होतं, आणि त्या वाटण्याची त्याला फार गरज होती.

पंच परतले आणि उंबऱ्यावरच थबकले. "गुरामी सोडलाय बाईंनी. भिंग लावून बघितलं, अजून तरी फाउल नाही." मग खोलीकडे बघत राहिले. हा मोठ्या आवाजाचा माणूस एकदम लहान झाला. "माझी बाजू कुठली?"

"मलाही माहीत नाही," अप्पा म्हणाले. "बसा कुठेही. मग ठरवू."

पंच हाताला लागला त्या पलंगावर बसले. तो अप्पांचा होता. जरा वेळाने पंचांनी गळ्यातली शिट्टी काढून पुढे केली. "तुम्ही शिवता ना? ही दोरी बघता का?"

अप्पांनी दोरी उजेडात धरली. खिडकीच्या उजेडात. मासेवाल्याने कपाळ पुसलं आणि थांबला. कशासाठी थांबला, हे कुणी सांगायला नको. बापाने बरं म्हणावं म्हणून.

"फार वेळ नाही लागला तुला," अप्पा म्हणाले.

"नाही. पलंग हलके आहेत."

"घरी दुसरी खिडकी होती रे."

मासेवाल्याने खिडकीकडे बघितलं.

"बेडरूमची," अप्पा सुईत दोरा घालत म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तिच्यापुढे तुझा टाक्यांचा रॅक. उन्हाने पाणी हिरवं होतं म्हणून काचेला काळा कागद. मी आणि सूनबाई एका खिडकीवरून वर्षभर एकमेकांचा जीव खात होतो, आणि दुसरी तू कागदाने बंद केली होतीस."

"अप्पा, त्यात पिल्लं होती." तोंडातून गेलं, आणि गेल्यावर त्याला ऐकू आलं.

पंचांनी दुसरीकडे मान वळवली.

"होती," अप्पा म्हणाले. "कोण कुणाबरोबर राहू शकतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दगड हलवून बघायचे असतात, हेही तुला ठाऊक होतं. आता सांगितलंस ना. मग बाईंवर ओरडू नकोस, सुनेचं नाव घेऊ नकोस, आणि अप्पा जमवून घेतात असं परत म्हणू नकोस." त्यांनी सुई खाली ठेवली. "तो रॅक हलत नव्हता, की तुला हलवायचा नव्हता? एवढंच सांग. मी थांबलोय."