हद्दीत येणारा व्हरांडा

आमच्या घरी कोणी मोठे माणूस येणार असले की आधी अंगण चकचकीत होते, मग माणसे. ही शिस्त मी लावलेली आहे. म्हणून नगररचना कार्यालयातून तपासनीस बाई जागा पाहायला येणार असे कळताच मी मुलाला सांगितले, "पुढची माती झाकून टाक. पायाला चिखल लागला तर त्या काय म्हणतील?"

त्याने माणसे लावली. कडेची जास्वंद उपटली गेली आणि फाटकापासून पायरीपर्यंत नवीकोरी फरशी बसली. काम इतके नेटके झाले की सूनबाई म्हणाली, "आई, आता इथे चप्पल घालून चालायचीसुद्धा चोरी."

तपासनीस बाई वयाने माझ्या नातीएवढ्या. पायांत कापडी बूट, हातात मोजपट्टी. फाटकातच थबकून त्या खाली पाहू लागल्या. मी कौतुकाची वाट पाहत उभी होते.

"आजी, हे कधी केलंत?"

"परवा. खास तुमच्यासाठी. आणि आजी मी घरच्यांची. तुम्ही बाई म्हणा."

"बाई, तुम्ही माझ्या स्वागताला माझा नियमच पुरलात की!"

नियम असा होता. एका निवासी प्लॉटचे दोन करायचे, तर दोन्हींच्या पुढे रस्त्यालगत उघड्या मातीचा पट्टा राखावा लागतो आणि त्यात सावली देणारी झाडे लावावी लागतात. तिथे फरशी चालत नाही. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

हा सारा खटाटोप बेबीसाठी. बेबी म्हणजे माझी लेक. पन्नाशी उलटली तरी तिचे नाव काही मोठे झाले नाही. ती शिवणवर्ग चालवते. नवरा गेल्यापासून खोली भाड्याची, आणि घरमालकाचे मन फिरले की यंत्रे उचलून नवी खोली शोधायची. गेल्या खेपेला टेम्पोत यंत्रांच्या मधोमध बसून चाललेली माझी लेक मी पाहिली आणि त्याच दिवशी घरात सांगून टाकले, "डाव्या हाताची मोकळी जागा बेबीची. मी हयात असताना, माझ्या सहीने."

तपासनीस बाईंनी डावी बाजू मोजायला घेतली. पट्टीचे दुसरे टोक बेबीने धरले. मोजता मोजता बाई माझ्या व्हरांड्यापाशी येऊन थांबल्या.

"नवी हद्द इथून जाणार. हद्दीपासून घरापर्यंत मोकळी जागा सोडावी लागते, आणि तुमचा व्हरांडा नेमका त्या जागेत येतो."

"मग हद्द पलीकडे सरकवा."

"मग ताईंच्या प्लॉटला रस्त्यावर हवी तेवढी रुंदी उरत नाही. पांघरूण एवढंच आहे, बाई. डोकं झाकलं तर पाय उघडे."

मुलाचा चेहरा सैल पडला. त्याला गाडी वळवायला डावीकडची ती मोकळी जागा लागते, हे मला ठाऊक होते. "झालं तर मग," तो म्हणाला. "नियमापुढे आपण काय करणार? बेबी राहील वरच्या खोलीत. घर काय परक्याचं आहे? पुढचं पुढे, तुझ्या माघारी बघू."

"माझ्या माघारी काय होतं ते मी माझ्या नणंदेच्या घरी पाहिलंय. सख्खी भावंडं, आणि अंगणातल्या एका नळाला दोन कुलपं. व्हरांडा पाड."

"आई!"

"ऐकू आलं ना?"

त्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीतून मी दूधवाल्याचे माप तपासले, मुलांचे पाढे ऐकले, दोन सोयरिकी मोडल्या आणि एक जुळवली. जुळवलेली आत स्वयंपाकघरात होती. तिने भांडी जरा जोरात आपटली. सूनबाईला तो व्हरांडा माझ्याइतकाच प्रिय. मी तिथे बसले की घरात तिचे राज्य असते.

बाई गेल्यावर बेबी माझ्याजवळ येऊन बसली. "माझ्यापायी नको गं आई. लोक म्हणतील, लेकीनं आईची बसायची जागा काढून घेतली."

"माझ्या व्हरांड्यात बसून लोकांची बोलायची हिंमत झाली नाही. आता रस्त्यावरून काय बोलणार आहेत?"

"पण तू बसशील कुठे?"

"ते मी बघीन. तू खिडक्या कुठे हव्यात ते सांग. यंत्रांवर उजेड डावीकडून यायला हवा. मागच्या खोलीत डोळे फोडून घेतलेस तेवढे पुरे."

बेबी पदराला हात पुसत राहिली. मग तिने बोटाने जमिनीवर एक चौकोन काढला आणि त्याच्या एका भिंतीत खिडकी दाखवली.

जेवताना मुलगा ताटात पाहून म्हणाला, "तू हट्टाला पेटलीस."

"पेटलेय ना? मग वारा घालू नकोस."

ज्यांनी फरशी बसवली तीच माणसे ती उचलायला आली. मुकादम हसत होता. "मावशी, घाला म्हणता, काढा म्हणता. एकदा नक्की काय ते सांगा."

"नक्की सांगते. आधी फरशी, मग व्हरांडा. आणि फरशी न फोडता काढा, बेबीच्या घरात लावायची आहे."

व्हरांड्याच्या छपराला पहिला घाव बसला तेव्हा मी अंगणात उभी होते. आत जाऊन बस, असे सगळ्यांनी सांगितले. ज्या कामाचा हुकूम मी देते, ते मी उभी राहून पाहते. मुलगा बराच वेळ लांब उभा होता. मग अचानक धावत आला, मुकादमाला थांबवले आणि माझी वेताची खुर्ची स्वतः उचलून बाहेर आणली. ठेवायची कुठे, हे त्याला कळेना. मी नव्या हद्दीच्या टोकाशी, रस्त्यालगतच्या मोकळ्या मातीकडे बोट दाखवले. तो घरात जाऊन मोठी छत्रीही घेऊन आला आणि खुर्चीशेजारी रोवली.

तपासनीस बाई पुन्हा आल्या तेव्हा दोन्हीकडे माती उघडी होती आणि करंजाची रोपे आळ्यांत उभी होती. मी मधोमध बसले होते. बाईंनी सारे मोजले. बेबीने या वेळी पट्टी इतकी ताणून धरली की बाई म्हणाल्या, "ताई, सैल सोडा, जागा पळून जात नाही."

मग त्यांनी छत्रीकडे पाहिले. "हे कायमचं बांधकाम नाही ना?"

"मी तरी कायमची आहे का?"

त्या हसल्या आणि त्यांनी सही केली. "मंजूर. पण रोपं जगली पाहिजेत, बाई. वर्षानं येऊन बघणार आहे. मेली तर मी मंजुरी मागे घेईन."

"या. मीच फाटक उघडीन."

संध्याकाळी मुलाने पाण्याचा पाईप ओढला आणि आपल्या बाजूच्या रोपांकडे वळला.

"आधी तिकडे," मी म्हणाले.

"ती बाजू तिची झाली ना आता?"

"जागा वाटली. भाऊ वाटून दिला नाही."

तो वळला. मग पाईप ओढत हद्द ओलांडून पलीकडे गेला. बेबीने पुढे होऊन पाईपचा पीळ सोडवला.

"बुंध्यावर नको," मी खुर्चीतून सांगितले. "आळ्यात सोड."