गफूरचा जबाब

"गफूरचाचा, मशीन बंद करा जरा. काहीच ऐकू येत नाहीये."

नेहल गादी कारखान्याच्या दारात नाकाला ओढणी लावून उभी होती. गफूरने खटका दाबला. यंत्र थांबलं, पण पिंजलेल्या कापसाची तुसं हवेत तरंगतच राहिली.

"त्या शेठवर डॉक्युमेंटरी आली आहे. हेतलबेनच्या खुनाची. तुमची भूमिका करणारा एक नट पण आहे त्यात. मी पहिलाच भाग बघितला, आणि आले सांगायला."

आत उशीला टाके घालत बसलेल्या गफूरच्या बायकोचा, बिस्मिल्लाचा, हात थांबला.

नेहल शेजारच्या कापड दुकानवाल्या फुलचंदशेठची सून. लग्न होऊन ती शहाद्याला आली तोवर ते प्रकरण जुनं झालं होतं, पण गल्लीत कुणी ना कुणी तिच्या कानावर घातलंच होतं. गफूर गुजरातमध्ये एका गिरणीमालकाची गाडी चालवायचा. एके दिवशी शेठाणी हेतलबेन नाहीशा झाल्या आणि नंतर कालव्यात सापडल्या. शेठने सांगितलं, संध्याकाळी ड्रायव्हर तिला माहेरी घेऊन निघाला होता. पोलिसांनी गफूरला उचललं. पुढे तो सुटला आणि शेठला अटक झाली, पण महागडे वकील लावून शेठही जामिनावर बाहेर आला. खटला अजून चालूच होता.

गफूर शहाद्याला परतला आणि बापाच्या पिंजण्याच्या धंद्यात बसला. गल्लीत तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त खापर गावच्या माणसांनी त्याच्या मुलीची, अंजुमची, ठरलेली सोयरीक मोडली. पोलिसांनी नेलेल्या माणसाच्या घरातली मुलगी नको, असा निरोप आला. ती मुलगी आता नंदुरबारला नर्स होती, आणि लग्नाचा विषय तिच्यापुढे कुणी काढत नसे.

"आमच्याकडे बघा ना सगळे बसून," नेहल म्हणाली. "सासऱ्यांनीच बोलावलंय."

दुपारी जेवणं आटोपल्यावर गफूर आणि बिस्मिल्ला फुलचंदशेठच्या बैठकीत जाऊन बसले. फुलचंदशेठने पंखा वाढवला. सरबत आलं, पण कुणी पेल्याला हात लावला नाही.

दुसऱ्या भागात पडद्यावर गफूरच्या भूमिकेतला काळासावळा, दाढी वाढलेला माणूस नळी धरून गाडीची डिकी धुताना दिसला. मागे जीव घाबरवणारं संगीत वाजत होतं. त्या माणसाने मान वळवून थेट यांच्याकडेच पाहिलं, आणि एक आवाज म्हणाला, "त्या रात्री गाडी कोण चालवत होतं?" तिथेच भाग संपला.

फुलचंदशेठ तिपाईकडे बघत राहिले. बिस्मिल्ला उठली.

"चला घर. माले पुढलं नही देखनं."

"बस," गफूर म्हणाला. "आपन उठनूत तरी गल्लीना लोके पुढलं देखतीनच. पुढलं काय शे, आपन बी देखू."

नेहलने तिसरा भाग लावला. सुरुवातीला तो गिरणीवाला शेठ दिसला. पांढरे केस, बंगल्याची हिरवळ, पायाशी कुत्रा. बायकोची आठवण येते का, या प्रश्नावर तो छान हसला. गफूरला वाटलं होतं, याचं तोंड दिसलं की आपलं डोकं फिरेल. तसं काही झालं नाही. शेठ म्हातारा झालाय, एवढंच त्याच्या मनात आलं.

मग एक वयस्कर बाई दिसली. हेतलबेनची मोठी बहीण. ती गुजरातीत सावकाश बोलत होती.

"ड्रायव्हर गफूरभाईला पोलिसांनी मारलं. शेठकडून पैसे देऊ केले. मी बेनला घेऊन गेलो होतो एवढं म्हण, म्हणजे सोडतो, असंही सांगितलं. तो एकच सांगत राहिला. संध्याकाळी शेठने माझ्याकडून चावी मागून घेतली, मी बेनला कुठेही नेलं नाही. तो घाबरून दुसरं काही बोलला असता, तर माझ्या बहिणीचा खटलाच उभा राहिला नसता. नंतर मी त्याला शोधलं. पत्ता लागला नाही. जिथे असेल तिथे बरा असो."

बिस्मिल्लाने पदर तोंडाला लावला आणि आवाज न करता रडली. रडता रडताच तिने समोरचा पेला उचलून सरबत एका दमात पिऊन टाकलं.

"गफूर," फुलचंदशेठ खाकरले, "मन्हा मनमां बी शंका व्हती रे. इतला वरीस. मी कधी ईचारं नही तुले."

"शेठ, ईचारं ऱ्हातं तं सांगं ऱ्हातं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. फुलचंदशेठने मान हलवली आणि नेहलला पुन्हा सरबत करायला सांगितलं.

तेवढ्यात गफूरचा फोन वाजला. अंजुम होती.

"अब्बा, बघितलं का? मी परवाच बघितलं. सांगितलं नाही, म्हटलं तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐका."

"तू तं सांगी देती, बेटा. मन्हा जीव जाई ऱ्हायंता दुसरा भाग देखीसन."

"तो नट किती जाडा आहे ना! तुम्ही कधी एवढे होता का?" ती खळखळून हसली, आणि गफूरलाही हसू आलं. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "खापरवाला बी देखतीन आते."

"बघू देत."

"फोन करतीन त्या."

"करू देत, अब्बा. मी उचलणार नाही. माझी ड्यूटी सुरू होतेय, ठेवते."

फोन ठेवल्यावर त्याला हेतलबेनची आठवण आली. गाडीत बसल्या की त्या आधी त्याच्या घरची चौकशी करायच्या, अंजुमची शाळा विचारायच्या. आज त्यांच्या बहिणीचा आवाज अगदी तसाच वाटला होता.

घरी जाताना बिस्मिल्ला नेहमीसारखी लोकांना टाळून मागच्या बोळाकडे वळली नाही. ती सरळ चौकात शिरली आणि भाजीवाल्या तापीबाईच्या टोपलीसमोर उकिडवी बसली. एकेक वांगं उचलून उजेडात फिरवू लागली.

"हाई किडेल शे. हाई बी. तापीबाई, चांगला दे, हाई काय लोकेस्ले खावाडस!"

तिचा एवढा मोठा आवाज चौकात कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता. चहाच्या टपरीवरची दोन माणसं वळून बघू लागली. त्यांच्याकडे लक्ष न देता ती वांगी निवडत राहिली, आणि गफूर पिशवीचं तोंड उघडं धरून तिच्या शेजारी उभा राहिला.