उलटा पीळ

नवरा गेल्यावर पियानो दुरुस्तीचं दुकान मी चालवलं. बाई काय तारा ओढणार, असं लोक म्हणत. ओढल्या, आणि म्हणणाऱ्यांचेही पियानो नीट करून दिले.

थोरल्याला मीच शिकवलं. खर्जाच्या तारेवर तांब्याचा वेढा असतो. जुनी काढायची, तिच्या मापाची नवी आणायची, एका वेळी एकच. तारेच्या खालच्या टोकाचा फासा खिळ्यात अडकवण्याआधी वेढ्याच्याच दिशेनं तारेला एक पीळ द्यायचा, म्हणजे वेढा घट्ट बसतो. नाहीतर तार माशीसारखी भणभणते. वर खुंटी मी फिरवायची, खाली फासा त्यानं दाबून धरायचा. इतकुसा होता तेव्हापासून.

गुडघ्याच्या दुखण्यानं मी लेकीकडे राहिले, तेवढ्यात त्यानं दुकानातल्या आमच्याच पियानोच्या खर्जाच्या तारा बदलल्या. ह्यांनी घेतलेला पहिला पियानो तो. परत येऊन वाजवला, तर सगळा खर्ज भणभणतोय. थोरला म्हणाला, लाकूडच मेलंय, आई, तारा तरी काय करणार. सूनबाईंनी सुस्कारा सोडला. मग हळूच निघालं, की आता दुकानही आवरावं, जागेला गिऱ्हाईक आहे. पोटचा पोर सांगतोय म्हणून मी हो म्हटलं.

पण मनाला पटेना. तो वर जेवायला गेला तशी मी खुंटीला चावी लावून एक तार सैल केली आणि फासा खिळ्यातून उचलला. तो माझ्या बोटांत आपसूक गर्रकन फिरला. नीट पिळलेली तार सुटताना फिरते त्याच्या उलट बाजूला. दुसरी सोडली, तीही तशीच. तिसरीही.

नवशिका पीळ द्यायला विसरतो. सगळ्या तारांना उलटा पीळ देतो तो जाणताच.

तिन्ही तारा नीट पिळून चढवल्या आणि पट्ट्या दाबल्या. मेलेलं लाकूड असं घुमलं, की सूनबाई जिन्यातच थबकल्या. मागून थोरला उतरला.

"विसरला असतास तर कान धरून पुन्हा शिकवलं असतं," मी म्हटलं.

तो खुंट्यांकडे बघत राहिला. "सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. म्हणून बापाच्या पियानोचा गळा दाबायचा?"

जागा विकायची नाही, गिऱ्हाइकाला तूच कळव, एवढं सांगून मी चौथी तार सोडली, सरळ पिळली. फासा धरायला तो सवयीनं खाली वाकला. मी त्याचा हात बाजूला सारला आणि तिथे लाकडाची पाचर ठोकली.