दुखण्याला दहापैकी तीन

मास्तरांच्या डोक्यातली गाठ काढून दुसरा दिवस उजाडला होता. शस्त्रक्रिया झकास झाली, असं सगळेच म्हणत होते. ज्याचं डोकं उघडलं होतं त्याचं मत तेवढं कोणी विचारलं नव्हतं. ते विचारायला सिस्टर आल्या.

"मास्तर, डोकं किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. दहापैकी किती?"

इथेच घोटाळा झाला. दहापैकी किती, हे ठरवण्यातच मास्तरांची उभी हयात गेली होती. पेपर तपासताना त्यांचा हात असा आखडता, की सहा मिळालेलं पोरगं गल्लीत कॉलर ताठ करून फिरायचं. दहा त्यांनी कोणालाच दिले नव्हते. दहा दिले की पोराला सुधारायला जागाच उरत नाही, असं ते म्हणत.

त्यांनी डोळे मिटून दुखणं तपासायला घेतलं.

"जोर बरा आहे," ते पुटपुटले, "पण मांडणी विस्कळीत. डावीकडे ठणकतं, मानेकडे नुसतं रेंगाळतं. तीन."

सिस्टरांनी तीन लिहून घेतले आणि तिनाच्या लायकीची साधी गोळी दिली.

दुपारी विचारलं, तीन. संध्याकाळी विचारलं, तरी तीनच. पाण्याच्या घोटासाठी मान उचलवत नव्हती, पण आकडा काही हलेना.

"अहो, पाच तरी म्हणा," स्टुलावर बसलेल्या बाईंनी नवऱ्याला विनवलं.

"वशिल्याने मार्क देत नाही मी," मास्तर क्षीणपणे म्हणाले. मग थोडं थांबून, "तुम्ही दमला असाल. माझ्यासाठी किती करता तुम्ही!"

बाई चरकल्या. लग्न झाल्यापासून एक वेळ सोडली तर 'अगं ए'च्या वरची हाक त्यांनी ऐकली नव्हती. त्या तडक डॉक्टरांच्या खोलीत घुसल्या.

"डॉक्टर, लवकर चला! हे माझ्याशी गोड बोलतायत!"

"मग चांगलंच आहे की, काकू."

"चांगलं कसलं डोंबलाचं! मूतखड्याने फरशीवर गडबडा लोळत होते, तेव्हा मला अहो-जाहो केलं होतं. आणि त्या मूतखड्याला ह्यांनी अडीच दिले होते!"

डॉक्टरांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि ते पळतच निघाले. डोळ्यांत बॅटरी मारून झाली, हातांची पकड बघून झाली, डोक्याचा स्कॅनही पुन्हा झाला. आत सगळं ठीक होतं.

"टाके दुखतायत," ते बाईंना म्हणाले. "जोरदार औषधाने गुंगी येते. मग माणूस औषधाने पेंगतोय की मेंदूला काही झालंय, ते कळत नाही. म्हणून आम्ही हात राखून देतो. त्यात ह्यांचे तीन! आता टाक्यांभोवतीच बधिर करणारं इंजेक्शन देऊ."

"तीन मार्कांना इंजेक्शन?" मास्तरांनी डोळे उघडले. "चालणार नाही. बाकीच्या पेशंटांवर अन्याय होईल."

"मास्तर, पेपर फारच अवघड निघाला तर तुम्ही काय करता?"

"पोरांना रडू देतो."

बाई पलंगाशी वाकल्या. "आणि तपासणाराच आजारी पडला तर?"

मास्तर पेचात सापडले. नियम तो नियम. "तर... गठ्ठा दुसऱ्याकडे जातो."

"मग द्या इकडे," बाई म्हणाल्या. "नऊ! द्या हो डॉक्टर इंजेक्शन."

इंजेक्शन झालं. थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन मान वळवली, पेलाभर पाणी प्याले आणि बायकोला आपादमस्तक न्याहाळलं.

"अगं ए! नऊ? असा सढळ हात? पेपर तपासतेस की दानधर्म करतेस? एक मार्क कापलास तो कुठे, ते तरी सांगशील?"

बाईंनी रुमालाने डोळे पुसले.

"सिस्टर," त्या खुशीत म्हणाल्या, "लिहून घ्या. दुखणं उतरलं."