काचेवरचा आकडा

मी बोलतेय. हो, मीच, ही निळी, लांब नाकाची. पोटात बारा सिलिंडरचं इंजिन असूनही आजवर मी तोंड उघडलं नव्हतं, कारण माझ्याबद्दल बाकीचेच भरपूर बोलत होते. आणि बोलत काय होते? एकच. "आता हिचे किती येतील?"

जन्म मात्र माझा थाटाचा. माझ्या सीटचं कातडं दोन बायकांनी हाताने शिवलं. शेवटचा टाका घालून एकीने सीट थोपटली आणि म्हणाली, "जा बाई, लांब जा." त्यासाठीच तर मला घडवलं होतं. दोन माणसं, दोन बॅगा आणि दिवसभराचा रस्ता.

पहिले मालक शेठ. शोरूमच्या दारातून बाहेर पडतोय तोच भाच्याने फोनमध्ये बघून सांगितलं, "मामा, दार ओलांडलं आणि पाचवा हिस्सा गेला!" शेठनी त्याचा असा धसका घेतला की विचारू नका. किलोमीटर कमी तर भाव जास्त, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. मला मऊ कापडाखाली झाकलं. रविवारी पेट्रोल पंपापर्यंत फेरी, की परत कापड. शेठाणी म्हणायच्या, "अहो, समुद्रापर्यंत तरी जाऊ या की!" हे म्हणायचे, "वेडी आहेस का? चारशे किलोमीटर वाढतील." तीन वर्षांनी विकायला काढली, तर निम्मेच आले. उभी राहून राहून माझे टायर खालून चपटे झाले होते. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं!

दुसऱ्या मालकाला सगळे हिरो म्हणत. निम्म्या किमतीत मिळाले म्हणून स्वारी खूश. मग पहिल्या सर्व्हिसचं बिल आलं. "अहो, गाडी निम्म्यात घेतली, बिल पूर्ण कसं?" काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "साहेब, स्वस्त गाडी झाली. तिचे पार्ट नाही झाले." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! हिरोने सर्व्हिसिंगच बंद केलं आणि मला झाडाखाली उभी केली. पुढच्या काचेखालच्या खाचेत पानं साचली, कुजली. एका सकाळी माझा गिअरच पडेना. कंपनीच्या माणसांनी कॉम्प्युटर लावला. "गिअरबॉक्स गेला." नवा बसवायचा तर माझ्यापेक्षा महाग.

मग दलालाचं आवार. तो दर सोमवारी माझ्या काचेवर पांढऱ्या पेनाने भाव लिहायचा, पुढच्या सोमवारी पुसून त्याच जागी कमी लिहायचा. लोक यायचे, आत बसून फोटो काढायचे आणि जायचे. शेवटी एका बुधवारी त्याने आकडा पुसला आणि नवा लिहिलाच नाही. फोन केला, "उद्या ट्रक पाठव. इंजिन वेगळं, दारं वेगळी. अख्खीपेक्षा तुकड्यांना जास्त मिळतील." सांगायला लाज कसली? मी घाबरले. नऊ वर्षांची झाले होते आणि अजून समुद्र पाहिला नव्हता.

त्याच बुधवारी दुपारी एक जोडपं लहानशी गाडी बघायला आलं. ती बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनं उघडून निवृत्त झालेली. सगळे तिला मिस्त्रीण म्हणत. नवरा त्याच डेपोत चौतीस वर्षं ड्रायव्हर. मिस्त्रीण माझ्यापाशी थबकली.

"हिला काय झालंय?"

"ताई, गिअरबॉक्स गेलाय. उद्या तुटायला जाणार."

"उघडून बघितला?"

"कॉम्प्युटरने सांगितलं ना."

"कॉम्प्युटर खाली वाकून बघतो वाटतं?" म्हणत तिने दार उघडलं आणि पायाखालचा गालिचा तळव्याने दाबला. बोटांमधून पाणी वर आलं. "अहो, हिचा गिअरबॉक्स नाही गेला. हिचे पाय भिजलेत!"

नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "अगं, हा पांढरा हत्ती पोसायचा कोणी?"

"चौतीस वर्षं गाडी चालवलीत. एकदा तरी मी शेजारी बसले? तुमच्या शेजारी सीटच नव्हती!"

ती दलालाकडे वळली. "भंगाराचा भाव देते. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत गिअर पडला तर गाडी आमची. नाही पडला तर पैसेही तुमचे, गाडीही तुमची." लहान गाडीसाठी साठवलेले पैसे होते ते. दलालाने हसत हात मिळवला.

बाई कामाला लागली. खाचेतून चार मुठी चिखल काढला, पावसाचं पाणी जायचं तुंबलेलं भोक मोकळं केलं. गालिचा उचलला, तर खाली गिअरबॉक्सच्या वायरींचा जोड गंजून हिरवा पडलेला. तो दातांच्या ब्रशने घासला, शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचं यंत्र आणून सुकवला, बॅटरी नवी लावली. सहाला दहा मिनिटं कमी असताना नवरा चाकामागे बसला. किल्ली फिरवली आणि मी गरजले! त्याने दांडा ओढला. जागचा हलेना. पुन्हा ओढला. नाहीच. दलाल घड्याळ बघत म्हणाला, "काय ताई?"

मिस्त्रिणीचा चेहरा उतरला. तिने वाकून नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. डावा पाय जिवाच्या आकांताने मोकळी जमीन दाबत होता.

"अहो, हिला क्लच नाही! ब्रेक दाबा, ब्रेक!"

त्याने ब्रेक दाबला आणि गिअर लोण्यासारखा पडला. जिंकले हो मी! आवाराला दोन चकरा मारल्या तेव्हा दलालाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दुसऱ्याच पहाटे आम्ही समुद्राकडे निघालो. घाटात चहाला थांबलो तर दव पडून माझ्या काचेवर जुने आकडे उमटले, एकावर एक, सगळे भाव. दोघांनी ते वाचले. "काय उतरत गेलीस गं," ती म्हणाली, आणि ओल्या फडक्याने काच घासून लख्ख केली. दुपारी मी समुद्र पाहिला. काय सांगू, तेवढ्यासाठी आणखी नऊ वर्षं उभी राहिले असते. तिथे एकाने विचारलंच, "विकली तर किती येतील?" नवरा म्हणाला, "ते विचारायला वेळ कोणाला आहे? अजून पुढे जायचंय."

नऊ वर्षांत झाले नाहीत तेवढे किलोमीटर या एका वर्षात झाले. माझा भाव अजून घसरतोय म्हणे. घसरेना का! तुमच्याही दारात कापडाखाली कोणी उभी असेल, तर एवढं ऐका माझं, तिला बाहेर काढा. बास, आता येते मी. बॅगा ठेवून झाल्या. तो बसलाय, डावा पाय नेहमीसारखा क्लच शोधतोय आणि शेजारच्या सीटवरून ती ओरडतेय, "अहो, नाहीये!"